बर्फात पोर्ट्रेट काढायला फाईव्ह-इन-वन रिफ्लेक्टर घेतला, उपयोगी पडली ती त्याची काळी बाजू

फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन आलो, आई, मी, धाकटा भाऊ आणि भावजय. जायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की होती की यावेळी आईचे बर्फातले फोटो नीट यायलाच हवेत. कारण २०१९ ला मनालीजवळच्या सोलंगला गेलो होतो तेव्हाचे साडेचारशे फोटो हार्ड डिस्कमध्ये पडलेत आणि त्यात आईचा एकही फ्रेम करून भिंतीवर लावावा असा नाही. सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, डोळे बारीक केलेले, आणि बर्फ पांढरा नाहीच, ओल्या सिमेंटसारखा राखाडी. मला ते फार लागून राहिलं होतं, कारण आई परत इतक्या थंडीत येईल की नाही ते तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून यावेळी तयारी करून गेले आणि त्यात मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानातून ११० सेंटिमीटरचा गोल फाईव्ह-इन-वन रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड वळवायची किंवा अडवायची पाच प्रकारे वापरता येणारी चकती, घेतला, सोळाशे रुपयांना. चायनीज माल आहे, वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे साधारण हाच मिळतो त्यामुळे नावाला काही अर्थ नाही. आत स्प्रिंगच्या पट्टीवर ताणलेलं पांढरं पारदर्शकसर कापड असतं, तो डिफ्यूझर, म्हणजे कडक उजेड मऊ करणारा, आणि त्यावर चेन लावलेलं कव्हर जे उलटसुलट करून चांदी, सोनेरी, पांढरं आणि काळं अशा चार बाजू मिळतात. पिरगाळून घडी घातली की साधारण मोठ्या ताटाएवढं होतं, केबिन बॅगेत कपड्यांच्या वर सपाट बसलं. पहिल्यांदा घडी घालताना पट्टी अंगावर उसळते, तेव्हा घरीच दहा-पंधरा वेळा सवय करून घ्या, बर्फात हातमोजे घालून शिकायला जाऊ नका.

दुकानदाराने मला चांदीची बाजू दाखवून सांगितलं की मॅडम ही तोंडावर मारायची, चेहरा एकदम उजळतो. इथे मुंबईत झाडाखाली ते खरंही आहे. पण बर्फात खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला पहिल्या दिवशी दुपारी कोंगडोरीला, म्हणजे गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावर उतरल्यावर कळली. लख्ख ऊन, चारी बाजूंनी ताजा बर्फ. ताजा बर्फ पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या वर उजेड परत फेकतो, म्हणजे तुम्ही आधीच एका प्रचंड रिफ्लेक्टरवर उभे आहात. त्यावर मी भावाला चांदीची बाजू धरायला लावली तर आई लगेच ओरडली, "अगं ते चकचकीत बाजूला कर आधी, डोळेच उघडत नाहीयेत माझे!" आणि तिचं बरोबर होतं, डोळ्यातून पाणी यायला लागलं तिच्या. सोनेरी बाजू एकदाच लावून बघितली, चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा आणि मागे निळसर बर्फ, दोन वेगळे फोटो कापून चिकटवल्यासारखं दिसत होतं. पांढरी बाजू लावली काय न लावली काय, काही फरक नाही कारण ते काम खालचा बर्फ करतच असतो. म्हणजे पाचपैकी तीन बाजू बर्फात बाद. हे दुकानात कुणी सांगत नाही म्हणून इथे एवढं लिहितेय.

आता ज्या दोन बाजूंनी पैसे वसूल केले त्याबद्दल.

डिफ्यूझर आधी. कव्हर काढून टाकलं आणि नुसती आतली चकती ऊन आणि आईचा चेहरा यांच्यामध्ये धरली, फ्रेमच्या अगदी बाहेर, जेवढी जवळ धरता येईल तेवढी जवळ. जवळ धरली की उजेड मऊ होतो, लांब नेली की परत नाकाची सावली कडक व्हायला लागते. चेहऱ्यावरची ती नाकाखालची काळी रेघ गेली, कपाळावरची चमक गेली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईने कपाळाच्या आठ्या सोडल्या. माझा ८५ एमएमचा लेन्स आहे, एफ २.८ आणि आयएसओ १०० ला थेट उन्हात शटर १/३२०० च्या आसपास येत होता, डिफ्यूझरखाली १/१२५० पर्यंत उतरला, म्हणजे साधारण सव्वा-दीड स्टॉप उजेड तो खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आणि इथेच त्याची एक अडचण आहे. चेहरा सावलीत गेला पण मागचा बर्फ तसाच उन्हात, मग चेहऱ्याप्रमाणे एक्स्पोज केलं की मागचं सगळं जळून पांढरंफटक होतं, आईच्या पांढऱ्या केसांची कडच दिसेना. यावर उपाय एकच सापडला, तिला मागे पाईनची गर्द झाडं येतील अशी वळवून बसवली. गडद मागची बाजू, त्यावर थोडा बर्फ, आणि पुढे लाल शालीतली आई. तो फोटो आला आणि मी तिथेच बर्फात बसून तिला स्क्रीनवर दाखवला.

काळ्या बाजूबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि दुपारनंतर बर्फ पडायला लागला. ढगाळ दिवस पोर्ट्रेटला चांगला असं आपण नेहमी ऐकतो, पण बर्फात ढग असले की वरूनही पांढरा उजेड, खालूनही पांढरा उजेड, डावीकडून उजवीकडून सगळीकडून तोच. सावली नावाची गोष्टच उरत नाही. चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट दिसतो, गालाला गोलाई नाही, नाकाला उठाव नाही. अशा वेळी उजेड वाढवून काही होत नाही, एका बाजूचा उजेड काढून घ्यावा लागतो. भावाला काळी बाजू आईच्या डाव्या गालापासून हातभर अंतरावर उभी धरायला सांगितली. काहीही चमकत नाही, दिसायला काहीच घडत नाही, पण व्ह्यूफाइंडरमध्ये डावा गाल हळूच उतरला आणि चेहऱ्याला आकार आला. मी भावाला चार वेळा "आत आण, बाहेर ने" करायला लावलं, फक्त तो फरक बघायला. फोटोग्राफर लोक याला निगेटिव्ह फिल म्हणतात, मी याआधी फक्त ऐकलं होतं.

दुसरा उपयोग आम्हाला असाच हाताला लागला. आई स्लेजवर बसली होती आणि समोरच्या बर्फावरून उजेड थेट हनुवटीखाली आणि भुवयांखाली येत होता. आपल्याला माणसाचा चेहरा वरून उजेड पडलेला बघायची सवय असते, खालून उजेड आला की ओळखीचं माणूसही जरा परकं दिसतं. डिफ्यूझर भावाच्या हातात होता आणि काढलेलं कव्हर नुसतंच माझ्या बॅगेवर पडलं होतं, ते मी काळी बाजू वर करून आईच्या पुढ्यात बर्फावर अंथरलं, फ्रेमच्या खाली. हनुवटीखालचा तो निळसर उजेड गेला, मान आणि चेहरा वेगळे दिसायला लागले. पण पूर्ण अंथरल्यावर आईच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसायला लागली, कारण ती भरून काढणारा उजेडही बर्फाचाच होता ना. मग कव्हर अर्धं दुमडलं आणि बरोबर जमलं. म्हणजे एकाच वस्तूचे दोन भाग एकाच वेळी वापरता येतात, वर डिफ्यूझर आणि खाली काळं कापड.

आणि एक, ऊन असताना सोबत धरायला कुणीच नसेल तर रिफ्लेक्टर बॅगेतच ठेवा, माणसाची पाठ सूर्याकडे करा. केसांना मागून सोनेरी कड मिळते आणि चेहऱ्यावर समोरच्या बर्फाचा मऊ उजेड येतो, फुकटात. भावजयीचे सगळ्यात छान फोटो असेच आलेत.

हे सगळं करूनही कॅमेऱ्याचं मीटर सुधारलं नाही तर काही उपयोग नाही हेही सांगते, कारण सोलंगचा घोळ तिथेच झाला होता. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या राखाडी छटेचं असेल असं धरून चालतो, त्याला बर्फ दिसला की वाटतं फारच उजेड आहे आणि तो फोटो काळा करतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ-गडद करायचं सेटिंग, +१ ते +२ च्या मध्ये न्यायचं, ऊन असेल तर +१.७ पर्यंत मी गेले, ढगाळला +१ पुरलं. नाहीतर स्पॉट मीटरिंग करून सरळ चेहऱ्यावरून मोजायचं, आपली गव्हाळ-सावळी कातडी त्या मधल्या छटेच्या जवळपासच येते त्यामुळे फार फेरफार लागत नाही. मोबाईलवाल्यांनी चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करायचा आणि ते सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं, बस. डिफ्यूझर मोबाईललाही तितकाच कामाला येतो, भावजयीने सगळं फोनवरच काढलंय.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगाचा तोल, ऑटोवर ठेवू नका, सावलीत चेहरे निळे पडतात. मी ६००० केल्विनच्या आसपास ठेवून रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ फाइल, जिच्यात रंग नंतर बदलता येतात) काढले आणि घरी आल्यावर लाईटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कातडीचा रंग बरोबर केला. बर्फ थोडा निळा राहिला तर राहू दे, सावलीतला बर्फ आभाळामुळे निळाच असतो. तो दुधासारखा पांढरा करायला गेलं की चेहरा केशरी होतो.

आता तक्रारी. वारा. कोंगडोरीला जरा वारा सुटला की ही चकती पतंगासारखी ओढली जाते, एका माणसाला दोन्ही हातांनी धरावी लागते. स्टँडवर लावायचा विचारही करू नका, स्टँडचे पाय भुसभुशीत बर्फात जातात. आम्ही शेवटी आमच्या स्लेजवाल्या दादांना विनंती केली, त्यांनी आधी विचारलं, "ये छतरी है क्या?" आणि मग इतकं मन लावून धरलं, ऊन सरकलं की न सांगता स्वतःच चकती सरकवत होते. त्यांना स्लेजच्या पैशांशिवाय दोनशे वेगळे दिले आणि त्यांच्या फेरनमधल्या (काश्मिरी लांब अंगरख्यातल्या) रुबाबाचेही चार फोटो काढून तिथल्या तिथे फोनवर पाठवले. ते चारही फोटो काळ्या बाजूनेच काढलेत, दाढीतला एकेक केस दिसतोय.

दुसरी तक्रार कव्हरच्या चेनची. थंडीत बोटं आखडलेली, हातमोजे घातलेले, आणि रनर इतका बारीक की पकडताच येत नाही. काळी बाजू आतून बाहेर काढायची म्हणजे कव्हर पूर्ण उलटवायचं, ते करेपर्यंत आई गारठते. तेव्हा हॉटेलमधून निघतानाच काळी बाजू बाहेर करून ठेवा. माझा रनर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघूनच आला. सोळाशे रुपयांच्या वस्तूला चेन तरी धड हवी होती, हा राग आहे माझा.

कापडावर बर्फ बसला की वितळायच्या आत झटकून टाकायचा. ओला झालाच तर रूममध्ये उघडून ठेवायचा, पण बुखारीच्या (खोली गरम करायच्या शेगडीच्या) जवळ अजिबात नाही, नायलॉन आहे ते. मी बाथरूमच्या दारावर अडकवून ठेवला, सकाळपर्यंत वाळला. कॅमेऱ्याचंही तसंच, बाहेरून गरम खोलीत आणायच्या आधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर आतून बाहेरून वाफ धरते. जादाची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेत. बाहेर ठेवलेली ६० टक्क्यांवरची बॅटरी माझी अचानक बंद पडली होती आणि खिशात गरम केल्यावर परत चालू झाली.

पडत्या बर्फात फ्लॅश मात्र टाळा, लेन्सजवळचे कण उजळून चेहऱ्यावर पांढरे गोळे येतात. शटर १/२५० किंवा वर ठेवला की कण छान गोठतात, काळ्या शालीवर पडलेला एकेक कण मोजता येईल असा.

रेटिंग द्यायचं तर ५ पैकी ४, एक स्टार चेनचा कापला. ज्यांना एकटीने फिरून फोटो काढायचेत त्यांनी ११० ऐवजी ६०-८० सेंटिमीटरचा घ्या, एका हातात मावतो, डोक्या-खांद्यापर्यंतच्या फोटोला पुरतो. पूर्ण माणूस किंवा दोघं-तिघं असतील तर ११० पण कमीच आहे. आणि घरी काळी जाड चादर किंवा ओढणी असेल तर आधी तीच घेऊन जा, काळ्या बाजूचं निम्मं काम ती करेल, फक्त डिफ्यूझरला पर्याय नाही.

जानेवारीत बहीण मनालीवरून अटल टनेल पार करून सिस्सूला जाणार आहे, तिने हाच मागून घेतलाय. काल कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडून चेन बदलून आणली, सत्तर रुपये घेतले, आणि रनरला बोटभर लांब नाडी बांधून घेतली म्हणजे हातमोज्यातून ओढता येईल.