नागपुरातील एका जुन्या मंडळीचा उपवासकाळ आणि पुनरुत्थानाचा सण : परीक्षण

राखेच्या बुधवारी (ॲश वेन्सडे) सुरू होणारा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ (लेंट) आणि त्याच्या शेवटी येणारा येशूच्या पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) यांच्याभोवतीची बरीचशी सजावट युरोपातून आलेली आहे, आणि ती थंडी सरून जमीन हिरवी होण्याच्या ऋतूची आहे. नागपुरात मात्र हे दिवस पानगळीचे, पळसाचे आणि दर आठवड्याला चढत जाणाऱ्या उन्हाचे असतात. शहरातील एका जुन्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासद-समुदायाच्या, २०२५ मधील या काळातील उपासनांना मी बाहेरचा माणूस म्हणून उपस्थित राहिलो. त्या पाहताना माझे मत असे झाले की ही मंडळी जिथे विदर्भाच्या ऋतूला धरून चालते तिथे तिची उपासना फार उत्तम होते, आणि जिथे ती शुभेच्छापत्रांवरचा वसंत उचलून आणते तिथे फिकी पडते. मंडळीचे नाव येथे देत नाही, कारण ती लहान आहे आणि तिच्या काही उणिवांबद्दल पुढे स्पष्ट लिहायचे आहे.

उपासनेची घडण समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. शाळा चालवणे, खडक आणि जीवाश्म गोळा करणे आणि गोंडांच्या परंपरा टिपून ठेवणे ही तिन्ही कामे त्यांनी सारख्याच निष्ठेने केली. १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. दुसरी धारा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेची, होती. सदरमधील ऑल सेंट्स हे चर्च १८५१ चे, आणि नागपूरला बिशप आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी ते कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, झाले. याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मी पाहिलेल्या मंडळीत या मिलाफाच्या खुणा आजही दिसतात: वेदीवरचे वस्त्र काळानुसार जांभळे, लाल आणि पांढरे होते ते अँग्लिकन वळणाने, आणि उपदेश लांबतो तो, एका ज्येष्ठ सभासदाने मला हसत सांगितले त्याप्रमाणे, स्कॉटिश वळणाने.

वसंत संपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होण्याच्या, दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. आपल्या पंचांगाच्या हिशेबाने पाहिले तर हा सण बहुधा होळीच्या किंवा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून येतो, ही गोष्ट शेजारीपाजारी राहणाऱ्या अनेकांच्या लक्षातही आलेली नसते. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता आणि सण २० एप्रिलला, म्हणजे जवळजवळ सर्वांत उशिरा. उपवासकाळाचा आरंभ पळस फुललेला असताना झाला आणि सण आला तेव्हा पारा चाळिशी ओलांडून गेलेला होता.

राखेच्या बुधवारची संध्याकाळची उपासना आटोपशीर आणि नेटकी झाली. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या रविवारी, वापरलेली शिंदीची पाने सभासदांनी घरी जपून ठेवलेली होती. ती गोळा करून, शेगडीत जाळून त्यांची राख केली जाते आणि कपाळाला लावली जाते. उपवासकाळात वेदीवर फुले ठेवत नाहीत. येथील महिला मंडळाने त्या जागी पितळी फुलदाण्यांत नुसत्या निष्पर्ण फांद्या लावल्या होत्या, आणि बाहेरच्या आवारात झाडांखाली पानांचा खच पडलेला असल्यामुळे त्या फांद्या मुद्दाम काही दाखवण्यासाठी ठेवल्यासारख्या वाटत नव्हत्या. सजावटीबाबत या मंडळीने घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय होता.

झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक १३ एप्रिलला निघाली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असल्यामुळे चौकाचौकांत निळ्या पताका आणि रोषणाईची तयारी सुरू होती, आणि शिंदीची पाने हातात घेतलेली मुले त्या पताकांखालून गात गेली. रोषणाईचे काम करणाऱ्या तरुणांनी शिडी बाजूला घेऊन वाट दिली आणि मुलांना पाणीही दिले. मिरवणुकीचे नियोजन मात्र ढिसाळ होते. ती ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा निघाल्यामुळे परतताना डांबर तापले होते, आणि हातातल्या भोंग्यातून गाणे कमी आणि खरखर जास्त ऐकू येत होती. लहान मुलांना घेऊन उन्हात निघायचे असेल तर सात वाजता निघावे. साडेआठची वेळ नागपुरात एप्रिलमध्ये चालत नाही.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) दुपारी बारा ते तीन ही उपासना या साऱ्या काळाची खरी परीक्षा असते. येशूने वधस्तंभावरून (क्रूसावरून) काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि मध्ये गीते होतात. जुन्या इमारतीच्या चुन्याच्या जाड भिंती, उंच छप्पर आणि वरच्या झरोक्यांतून बाहेर पडणारी गरम हवा यांमुळे आतले तापमान बाहेरच्या मानाने बरेच सुसह्य राहते. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडले होते, आणि व्हरांड्यात माठांची रांग होती. कूलरच्या आवाजाचा प्रश्न या मंडळीने ज्या पद्धतीने सोडवला आहे ती शहरातील इतर सभागृहांनीही उचलावी अशी आहे: गीत चालू असताना कूलर चालू, आणि वाचन किंवा भाषण सुरू होताच तो बंद. यासाठी तरुण संघातील एका मुलाला बटणापाशी बसवले होते आणि त्याने तीन तास आपले काम चोख बजावले.

सात वक्त्यांमध्ये तीन स्त्रिया होत्या आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. सर्वांची भाषणे सारख्या दर्जाची नव्हती. दोघांनी आपला उद्गार सोडून इतर सहाही उद्गारांवर बोलून घेतले, आणि एका ज्येष्ठांनी आपल्या निवृत्तीपूर्वीच्या खात्यातील आठवणी सांगितल्या. परंतु पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’, हा एका परिचारिकेकडे दिलेला होता. रुग्णाचे ओठ कोरडे पडतात तेव्हा ओल्या कापसाने ते कसे पुसावे लागतात, पाणी देता येत नसते तेव्हा नातेवाईक कसे विनवतात, उष्माघाताचे रुग्ण याच महिन्यात कसे येऊ लागतात, एवढेच तिने साध्या भाषेत सांगितले आणि दहा मिनिटांच्या आत ती खाली बसली. एप्रिलच्या भर दुपारी, वाळ्याच्या वासात, ते ऐकणाऱ्या कोणालाही आणखी विवेचनाची गरज नव्हती. संपूर्ण काळात ऐकलेले हे सर्वोत्तम भाषण होते, आणि ते व्यासपीठाची सवय नसलेल्या व्यक्तीकडून आले याची नोंद निमंत्रक समितीने घ्यावी.

पुनरुत्थानाच्या दिवशी दोन उपासना झाल्या: पहिली पहाटे पाच वाजता कबरस्तानात आणि दुसरी साडेनऊला मंदिरात, म्हणजे चर्चच्या इमारतीत. दोन्हींमध्ये इतका फरक आहे की त्या एकाच मंडळीच्या आहेत यावर विश्वास बसू नये.

पहाटेच्या उपासनेची तयारी उपवासकाळातच सुरू झालेली होती. तरुण संघाने शनिवारी संध्याकाळी जमून कबरींवरचे गवत काढले, त्यांना चुना दिला आणि जुन्या शिळांवरची पुसट होत चाललेली नावे आणि साल एका वहीत उतरवून घेतली. नोकरीसाठी पुण्याला आणि हैदराबादला गेलेली मुले सणासाठी येतात, आणि आली की त्यांना या कामाला जुंपले जाते; त्यामुळे वहीत नाव लिहिता लिहिता ‘हे आपल्या कोण?’ असा प्रश्न आपोआप निघतो आणि शेजारी उभी असलेली एखादी आजी त्याचे सविस्तर उत्तर देते. मंडळीचे नवजीवन म्हणून जे काही पुढे उपदेशात सांगितले गेले, त्यापेक्षा ही वही मला अधिक भरवशाची वाटली.

उपासनेला वीजजोडणी नव्हती, म्हणून ध्वनिक्षेपकही नव्हता, आणि त्यामुळेच गायन चांगले झाले. अंधारात मेणबत्त्या आणि पेटी एवढ्यावरच सुरुवात झाली. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील विसावा अध्याय एका शाळकरी मुलीने कंदिलाच्या उजेडात न अडखळता वाचला. अंधार असतानाच मग्दालीया मरीया कबरेपाशी येते आणि येशूला पाहून हा माळी असावा असे तिला वाटते, तो हा भाग. या दिवसांत नागपुरात सहाच्या आतच सूर्य उगवतो, आणि उपासनेची वेळ अशी बेतली होती की शेवटचे गीत होईपर्यंत पुरते उजाडले. भोवतालच्या कडुलिंबांना नवी पालवी आणि मोहोर होता, आणि महिला मंडळाने त्याच डहाळ्या कबरींवर ठेवल्या होत्या. ‘प्रभू उठला आहे’ आणि ‘खरोखर उठला आहे’ असे म्हणत लोक एकमेकांच्या हातात हात देत होते, त्यात मलाही कोणी वगळले नाही. नंतर कागदी द्रोणांतून तर्रीपोहे आणि चहा झाला. तर्री झणझणीत होती, आणि उपवासकाळ संपल्याची खूण म्हणून ती योग्यच म्हणावी लागेल.

साडेनऊच्या उपासनेत पाऊल टाकताच समोर थर्माकोलची गुहा होती. तिच्यावर कापसाचे ससे, प्लॅस्टिकच्या लिलीची फुले आणि उघडमीट करणारे रंगीत दिवे होते. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी ज्या मंडळीने महिनाभर निष्पर्ण फांद्या ठेवण्याचा संयम दाखवला आणि पहाटे कडुलिंबाची पालवी वापरली, तिला ही गुहा कशासाठी हवी होती हे कळत नाही. की-बोर्डमधील तयार ठेका गीतांच्या चालीशी जुळत नव्हता आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज मागच्या बाकांवर नुसता आदळत होता.

तरीही नव्या साधनांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. भिंतीवर पडद्यावर दाखवलेले गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत असल्यामुळे ज्या वृद्धांना गीतांचे पुस्तक वाचता येत नाही ते पहिल्यांदाच सगळी कडवी म्हणत होते, असे मला शेजारच्या गृहस्थांनी सांगितले. मध्यंतरी कवी नारायण वामन टिळकांचे एक भजन पेटी-तबल्यावर झाले, तेवढ्या पाच मिनिटांपुरते मंदिर भरून गेले. टिळक बाप्तिस्म्यापूर्वी काही काळ नागपुरात तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे होते. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे मराठी मंडळ्यांना वारकरी वळणाची गीते दिली. हा वारसा हाताशी असताना की-बोर्डच्या ठेक्याची उसनवारी करावी लागू नये. त्या दिवशी दोन तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे झाले, आणि बाप्तिस्म्याचा जुना दगडी कुंड कोपऱ्यातून मधल्या वाटेवर आणून ठेवल्यामुळे सर्वांना ते पाहता आले, हेही चांगले झाले.

इमारतीविषयी एक स्वतंत्र तक्रार आहे. डागडुजी नुकतीच झाली आहे, सागवानी बाकांवर नवे तेलपाणी झाले आहे आणि पितळी स्मृतिफलक लखलखीत आहेत. परंतु खालच्या भिंतींवर चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिला आहे. चुन्याची भिंत ओलावा शोषते आणि बाहेरही टाकते, सिमेंट तो आत कोंडून ठेवते, आणि मग लोणा धरून गिलावा सुटू लागतो. एका कोपऱ्यात ही सुरुवात झालेली दिसते. पावसाळ्याआधी जाणकार गवंड्याला दाखवणे शहाणपणाचे ठरेल.

बाहेरच्या माणसाला येथे अवघडल्यासारखे होत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या, वेळी बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवर बसून राहावे, त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. दानाची पिशवी फिरते, तीत काही टाकलेच पाहिजे असे नाही. मराठी स्वच्छ आणि कानाला ओळखीचे आहे, मात्र उपदेशात मध्येच हिंदी शिरते आणि बराच वेळ मुक्काम करते. वाहने आवारात लावता येतात, परंतु सणाच्या दिवशी साडेनऊनंतर जागा मिळत नाही. ज्यांना एकाच उपासनेला जाणे शक्य आहे त्यांनी पहाटेची निवडावी. ज्यांची बसण्याची तयारी आहे त्यांनी उत्तम शुक्रवारही चुकवू नये, निदान शेवटचे दोन तास. साडेनऊची उपासना मुख्यतः ओळखीपाळखीच्या भेटीसाठी आहे, असे समजून जावे.

२०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि सण ५ एप्रिलला येतो, म्हणजे २०२५ च्या मानाने पंधरा दिवस आधी, त्यामुळे उत्तम शुक्रवारची दुपार थोडी सौम्य जाण्याची शक्यता आहे. पहाटेच्या उपासनेला पावणेपाचपर्यंत पोहोचावे, बसायला स्वतःची चटई न्यावी आणि कबरींमधल्या वाटा खडबडीत असल्यामुळे सोबत विजेरी ठेवावी.