आवाज आणि चित्र: एकत्र पाठवायचं की वेगवेगळं?

नेटवर्कवरून कार्यक्रम दाखवायचा ठरला की पहिला प्रश्न येतो तो प्रोटोकॉलचा, म्हणजे पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट तपासावी: आवाज आणि चित्र यांच्यावर वेळेचा शिक्का, म्हणजे हा तुकडा कोणत्या क्षणाचा याची नोंद, कुठे बसतो, आणि तो एकाच घड्याळावरून बसतो का? नेटवर्क संथ आहे की वेगवान, याचा ओठ आणि शब्द जुळण्याशी लोकांना वाटतो तेवढा संबंध नसतो.

किती चूक चालते? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की कळतं, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत कळत नाही. हा फरक निसर्गातूनच आला आहे. ३४ मीटरवरचा आवाज आपल्याला दिसण्यापेक्षा सुमारे १०० मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि मेंदूला त्याची सवय आहे. ओठ हलण्याआधी शब्द ऐकू येणं मात्र त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. म्हणून अगदी जुळत नसेल, तर आवाज किंचित मागे ठेवा.

पहिला मार्ग, दोन्ही एकाच प्रवाहात बांधून पाठवणं. टीव्ही प्रक्षेपणात वापरल्या जाणाऱ्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये माहितीची १८८ बाइटची पाकिटं असतात, त्यातच २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाची वेळ जाते आणि प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) कधी दाखवायची याचा शिक्काही. वाटेत उशीर झाला तरी दोघांना सारखाच होतो. एसआरटी या इंटरनेटवरून थेट व्हिडिओ पाठवायच्या प्रोटोकॉलवरून पाठवलं तर हरवलेली पाकिटं पुन्हा मागवता येतात. त्यासाठी मूळ सेटिंगमध्ये १२० मिलिसेकंदांची सवड असते, लांबच्या अंतरावर ती वाढवावी लागते. एकतर्फी प्रक्षेपण असेल आणि कॅमेरा-माइक एकाच ठिकाणी असतील, तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

समोरासमोर संवाद असेल तर हा मार्ग जड पडतो. तिथे आवाजाने चित्रासाठी थांबायचं नसतं. नेटवर्क कोसळलं तर चित्र सोडून आवाज वाचवता आला पाहिजे. त्यासाठी आरटीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या वेबआरटीसी तंत्राच्या पोटातही असतो तोच. इथे दोन प्रवाह वेगळे, त्यांचे शिक्के वेगळ्या गतीने चालतात आणि सुरुवातही कुठल्याही आकड्यापासून होते. मग जुळतात कसे? प्रेषक अधूनमधून आरटीसीपी या जोड-प्रोटोकॉलचा अहवाल पाठवतो; त्यात खरी वेळ आणि त्या वेळी प्रवाहाचा शिक्का किती होता, हे असतं. समजा अहवालांत आलं की दहाच्या ठोक्याला आवाजाचा आकडा ९,६०,००० होता आणि चित्राचा २७,००,०००. आवाज सेकंदाला ४८,००० ने वाढतो, चित्र ९०,००० ने. आता ९,८४,००० चा आवाज आला, म्हणजे अर्धा सेकंद उलटला. त्याच्या जोडीची फ्रेम २७,४५,००० ची. इतकं साधं गणित आहे, पण अहवाल येईपर्यंत ते मांडताच येत नाही. आरएफसी ३५५० या आरटीपीच्या मानक दस्तऐवजात अहवालांमधलं किमान अंतर साधारण ५ सेकंदांचं सुचवलं आहे. कॉल सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद ओठ जुळत नाहीत, त्याचं एक कारण हे. मधला सर्व्हर तुम्हीच लिहीत असाल तर हे अहवाल आणि दोन्ही प्रवाहांचं समान सीनेम (ते एकाच प्रेषकाचे आहेत हे सांगणारं नाव) नीट पुढे जातं ना, हे पाहा. तिथे चूक झाली तर जोडीच तुटते.

तिसरा मार्ग पीटीपीचा, म्हणजे घड्याळं अचूक जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचा: सगळ्या उपकरणांना नेटवर्कवरूनच एक घड्याळ द्यायचं. एसएमपीटीई एसटी २११० या व्यावसायिक प्रसारणाच्या मानकावरचे स्टुडिओ यावर चालतात. अचूकता मायक्रोसेकंदाच्याही आत जाते, पण पीटीपी समजणारे स्विच लागतात आणि खुल्या इंटरनेटवर त्याचा उपयोग नाही. दहा कॅमेरे आणि वेगळं साउंड डेस्क नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

कुठलाही मार्ग घ्या, एका गोष्टीने मला फार छळलंय. एका लांबलचक व्याख्यानाच्या प्रक्षेपणात सुरुवातीला सगळं चोख होतं, तासाभराने वक्त्याचे ओठ आणि शब्द वेगळे झाले. मी आवाजाला डिले (ठरावीक उशीर) टाकला, जुळलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. माइक संगणकाला जोडणारं यूएसबी इंटरफेस स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे आतल्या घड्याळावर चालत होतं आणि कॅमेरा त्याच्या. दशलक्षात ५० चा फरक म्हणजे तासाला १८० मिलिसेकंद. डिलेने हा आजार बरा होत नाही. माइक थेट कॅमेऱ्यात जोडावा, नाहीतर सॉफ्टवेअरला सतत रिसॅम्पलिंग करू द्यावं, म्हणजे ते आवाजाचा वेग किंचित बदलून चित्राशी जुळवत राहील.

म्हणून निर्णय पक्का करण्याआधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, तासाभराने दुसरी, आणि दोन्ही पलीकडच्या टोकाला रेकॉर्ड करा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. दोन्ही टाळ्यांना आवाज आणि चित्र यांच्यातलं अंतर सारखंच असेल तर डिले टाकून काम भागेल. वाढलं असेल तर प्रोटोकॉल बदलून काही होणार नाही, आधी घड्याळ एक करा.