ताडोब्याच्या लॉजवर दोन रात्री – पैसे कशाचे घेतात ते सांगते

आम्ही ठाण्यात घोडबंदरला राहतो, मागच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, त्यामुळे जंगल काही अगदी नवीन नाही. पण मोठ्या लॉजवर कधी राहिलो नव्हतो. जानेवारीत मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक असे मोहर्ली गेटजवळच्या एका लॉजवर दोन रात्री राहून आलो. संध्याकाळी ठाण्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली, सकाळी नागपूर, पुढे गाडीने साधारण तीन तास.

आधी पैशाचं. एका खोलीचे रात्रीचे 24 हजार पडले, चहा-नाश्ता-जेवण सगळं धरून, आणि आमच्या दोन खोल्या होत्या. सफारी वेगळी. ती वनखात्याच्या साईटवरून बुक करायची, आणि शनिवार-रविवारी जास्त पैसे लागतात. रक्कम मोठी आहे, वर्षभर बाजूला काढत होतो. म्हणूनच "आमच्या कमाईतला वाटा जंगलाला जातो" असं लॉजवाल्यांनी जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते खरं आहे का हे बघायचंच असं मी ठरवून गेले होते.

पहिल्या रात्री जेवून खोलीकडे निघालो तर वाटेवर फक्त गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळे दिवे, तेही खाली तोंड केलेले. सासूबाईंना नीट दिसेना म्हणून मी मोठा दिवा लावायला सांगितला. सोबत आलेला लॉजवरचा मुलगा शेजारच्याच गावचा, त्याने लगेच टॉर्च धरला, आजींचा हात धरला आणि म्हणाला, "मोठा लाईट नाही लावत जी आम्ही, तिकडं पाणवठ्यावर रानडुक्कर येते, लाईट पाहून फिरून जाते मंग." मला एकदम आमचं येऊर आठवलं, तिथले खेळाच्या टर्फचे फ्लडलाईट, बंगल्यांमधल्या पार्ट्या, रात्री बारा वाजता डोंगरावरून येणारा डीजे. येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं, ताडोबा कोअर (आतलं जंगल) आणि बफर (भोवतालचा पट्टा) मिळून 1700 च्या वर, म्हणजे खरं तर अंधार आपल्या बिबट्यांना जास्त हवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाच्याच गावात गेलो, तो सोडून लॉजवाले कुणी सोबत नव्हते. त्याने एका शेतातली विहीर दाखवली, भोवती कमरेएवढा नवा कठडा, सिमेंटवर अजून पत्र्याच्या साच्याच्या रेघा दिसत होत्या. "आधी कठडाच नव्हता ना जी, रात्री रोही पडे, एकदा तं बिबट पडला." रोही म्हणजे नीलगाय. असे कठडे लॉजच्या पैशातून बांधतात, विहीर कुणाची पहिली ते गावातच बसून ठरतं, असं शेतकऱ्याच्या बायकोनेही सांगितलं. लॉजवर किचनपासून गाडीपर्यंत बहुतेक माणसं आसपासच्या गावांतलीच. वाघ जिवंत राहिला तर आपल्या घरात पगार येतो हे ज्याला कळलंय तो जंगल सांभाळणारच ना!

सफारी दोन केल्या. गाईड एक ताई होत्या, गावातल्याच, त्यांचे कान काय तयार आहेत! वानराचा इशाऱ्याचा खर्रखर्र आवाज आला की जिप्सी बंद करायला लावायच्या, मग सांबराची हाक येते का याची वाट बघायची. पहिल्या सकाळी वाघ नाही दिसला, पण अकरा रानकुत्री रस्ता ओलांडून गेली, एक अस्वल पांढऱ्याशुभ्र कुलूच्या झाडाखाली वारूळ उकरत होतं, लेक श्वास रोखून बघत होती. मोबाईल आत न्यायला बंदी आहे म्हणून सगळे खरंच बघत होते, हे मला फार आवडलं. दुपारच्या सफारीत वाघीण दिसली, पण दहा-बारा जिप्स्या एका वळणावर गोळा झाल्या होत्या. आमच्या ताईंनी दोन मिनिटांत गाडी मागे घ्यायला सांगितली, तिला रस्ता पाहिजे म्हणाल्या. मला ते पटलं.

जेवण उत्तम, त्यातही वडाभात आणि पाटोडीची आमटी. सकाळी जिप्सीत गरम पाण्याची पिशवी आणि घोंगडी देतात, पहाटे फार थंडी असते तेव्हा तिची किंमत कळते. खोलीत तांब्याचा जग, प्लॅस्टिकची बाटली कुठेच नाही.

खटकलं ते पण सांगते. स्विमिंग पूल. उन्हाळ्यात चंद्रपूर 45 अंशांच्या वर तापतं, गावात पाण्याची ओढ, आणि इथे एवढा मोठा पूल भरून ठेवलेला. विचारलं तर पाणी गाळून परत वापरतो म्हणाले, तरी माझं समाधान झालं नाही, लेखी अभिप्रायात लिहून आले. आणि नाश्त्याच्या डब्यात प्रत्येक सँडविच वेगळ्या फॉईलमध्ये, ते बंद करायला हवं.

जाणार असाल तर आधी सफारी मिळतेय का बघा, मग लॉज बुक करा. मंगळवारी सफारी बंद असते, कोअर जुलै ते सप्टेंबर बंद, ओळखपत्र ओरिजिनलच लागतं. वयस्कर माणूस सोबत असेल तर जेवणघराजवळची खोली मागून घ्या, आमच्या सासूबाईंना दिवसातून सहा वेळा ती वाट चालावी लागली. आणि गावात जायचं असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा, दुपारी माणसं शेतावर असतात.