पाण्यात चालणारी बॅटरी, पण वॉरंटीत पाणी बसत नाही

पाण्याखाली उजेडासाठी न्यायच्या बॅटरीचा, म्हणजे टॉर्चचा, हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलं नाही. एक हजार ल्युमेन उजेड, १८६५० मापाचा एक सेल, स्विच म्हणून चुंबकाची फिरती रिंग, शंभर मीटर खोलीचा दावा. घेणाऱ्याला हे पाठ असतंच. आमचं काम दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या विहिरींचं: तुटून पडलेल्या मोटरी काढायच्या, आणि पोलीस पाटलांचा फोन आला तर माणूस शोधायचा. हवेच्या सिलिंडरचे सेट लोकवर्गणीतले, बॅटरी मात्र ज्याची त्यानं घ्यायची. म्हणून प्रत्येक रुपया टोचतो.

दिवाळीनंतर ती पाण्यात बंद पडली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, ‘वॉटर डॅमेज, वॉरंटी लागू नाही.’ फोनवरच्या ताईंना म्हटलं, "ताई, पाण्याखालची बॅटरी पाण्यानं नाही तं काय उन्हानं खराब होईन?" त्यांनी फोन होल्डवर टाकला, मी सनई ऐकत बसलो.

दोष सगळा ओ-रिंगचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगचा. मागचं झाकण उघडलं तर आट्यांखालच्या काळ्या रबरी रिंगवर कापसाचा एक तंतू आडवा पडलेला, केसाहूनही बारीक. त्याच वाटेनं पाणी आत गेलं, स्प्रिंग हिरवी पडली. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे अंगणात, गाडीत, चहात कापूस असतो. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ: ‘रिंग स्वच्छ ठेवा.’ बाकी पानं डब्याच्या फोटोंची. नव्या रिंगांचा किट साडेसहाशे रुपये, कुरिअर वेगळं! यवतमाळच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात त्याच मापाची नायट्राइल रिंग दहा रुपयांत मिळाली. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून बसवली आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. सकाळी आत थेंब नाही.

इथंवर लिहिताना दोन स्टार द्यायचे ठरवले होते. पण ज्यांच्या सांगण्यावरून घेतली, त्यांचं सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

तारकर्लीला डायव्हिंग शिकलो तेव्हाचे आमचे सर मेक्सिकोत, युकातानच्या पाण्याखालच्या गुहांत तयार झालेले. आम्हाला गुहेत नेलं नाही. त्याचं वेगळं शिक्षण घेतल्याशिवाय आत डोकं घालायचं नाही, हा पहिलाच धडा. सगळं झाडांमध्ये शिकवलं. झाडाझाडांतून दोरी ताणायची, डोळ्यांवर पट्टी, आणि दोरी न सोडता बाहेर यायचं. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून, ओरडणं नाही. हे नियम त्यांचे नव्हेत. फ्लोरिडात शेक एक्सली नावाचे गणिताचे शिक्षक होते, त्यांनी गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून १९७९ मध्ये ते मांडले: बाहेरपर्यंत अखंड दोरी, आणि हवेचा एक तृतीयांशच भाग आत जायला. १९९४ मध्ये ते स्वतः मेक्सिकोतल्या साकातोन कुंडात फार खोल गेले आणि तिथेच वारले. सर हेही लपवत नसत.

आणि प्रत्येकाजवळ तीन बॅटऱ्या. हे ऐकून मला वाटलं, यांचं एखाद्या दुकानदाराशी साटंलोटं असणार. सर म्हणाले, "दुसरी बॅटरी काम पुरं करायला नाही, परत यायला." एक गेली की सगळ्यांनी वळायचं, कारण विचारायचं नाही.

दिवाळीनंतर ही बंद पडली, त्या दिवशी तसंच झालं. साडेसात एचपीची मोटर, तिच्या कपलिंगला दोरखंडाचा एक वेढा बसलेला, आणि उजेड गेला. गाळ ढवळलेला, हात दिसत नव्हता. छातीवरची छोटी, तिनशे रुपये जास्त देऊन घेतलेली बॅटरी लावली. दोरी धरून जोडीदाराचा दंड दोनदा दाबला आणि दोघं वर. विहिरीचे मालक तापले. "काऊन जी, हाती लागलेली मोटर सोडून आले? पाच मिन्टाचं काम होतं!" त्या दिवसाचे पैसे बुडाले, डिझेल अंगावर. मोटर दुसऱ्या दिवशी निघाली.

तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, मला सरांची फी महाग वाटायची, ती नाही, ही मोठी बॅटरीच महाग आहे. विहिरींमध्ये आम्ही २०० बार दाबाची टाकी १३५ वर आली, म्हणजे साधारण एक तृतीयांश हवा संपली, की वळतो, मोटर दिसत असली तरी.

बॅटरीची एक गोष्ट मात्र मान्य. झोत अरुंद आहे. आधी वाटलं, ताटाएवढाच उजेड, फसलो. पण गढूळ पाण्यात रुंद झोत कणांवर आपटून डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो, हा आरपार जातो. जोडीदाराला खूण करायलाही बरा: गोल फिरवला की ठीक, जोरात आडवा हलवला की संकट. पावसाळ्यातल्या लाल पाण्यात कोणतीच बॅटरी चालत नाही, तिथं हातच.

साडेतीन स्टार. घ्यायची तर दोन लहान, साध्या स्विचच्या आधी घ्या, मग ही. ओ-रिंग घ्यायला जाल तेव्हा जुनी सोबत न्या, नंबर सांगून मिळत नाही. आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनो, कुरिअरचे १८० रुपये अजून आलेले नाहीत.