फोमचा विग मागवताय? आधी कापलेली कड बघा

अमळनेरच्या एका कॉलेजच्या पोराने गॅदरिंगसाठी ॲनिमे पात्राचा फोमचा विग ऑनलाइन मागवला. जाहिरातीत '५ एमएम हाय डेन्सिटी ईव्हीए' असं लिहिलेलं, म्हणजे चपलेच्या सोलचा असतो तसला घट्ट, लवचिक फोम. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पार्सल निघण्याआधी, सगळे यूपीआयने. 'दादा, टेन्शन घेऊ नका, माल एक नंबर आहे' असा मेसेज आणि सोबत देखणे फोटो. पार्सल आलं आदल्या दिवशी. पुढच्या दोन बटा खोक्यातच सुटलेल्या, टाळूवर दबून पडलेला खड्डा तसाच. आम्ही फोमचे विग करतो; पोराने तो विग दुरुस्तीला आमच्याकडे आणला तेव्हा आतून कड कापली. ईव्हीए नव्हताच. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई, म्हणजे पॅकिंगचा हलका पॉलिथिन फोम, वरून काळा स्प्रे.

रंग मारल्यावर दोन्ही फोटोत सारखेच दिसतात, फसवणूक होते ती तिथेच. ईव्हीएची कापलेली कड चपलेच्या सोलसारखी बारीक, एकजीव असते. ईपीईमध्ये बुडबुडे डोळ्यांना दिसतात. नखाने दाबा: ईव्हीए भरून येतो, ईपीईत खूण राहते. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवली की ईव्हीएचा पृष्ठभाग किंचित चकाकतो, छिद्रं मिटतात आणि बटेला दिलेला बाक थंड झाल्यावर टिकतो. ईपीई लगेच आकसतो, सुरकुततो. शिवाय तो पॉलिथिन असल्याने त्यावर ना गोंद धरत ना रंग. म्हणून अशा विगला दुरुस्ती नसतेच, नवा करावा लागतो.

घरबसल्या ओळखायचं असेल तर वजन विचारा. हाय डेन्सिटी ईव्हीए घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे ५ एमएमची एक चौरस मीटर शीट अर्धा किलोच्या आसपास. पॅकिंगचा ईपीई त्याच्या चौथाईवर येतो. लांब बटांच्या, एक चौरस मीटर फोम खाणाऱ्या विगचं वजन कुणी दीडशे ग्रॅम सांगितलं, तर बोलणं तिथेच थांबवा. उलट दीड किलो म्हणाला तर बटा आतून भरीव ठेवल्यात. त्या पोकळ हव्यात, नाहीतर तासाभरात मान धरते.

मापातही मारतात. जाळीवरचा केसांचा विग ताणला जातो, फोम ताणत नाही, त्यामुळे सगळ्यांना एकच माप चालत नाही. ५ एमएम फोमच्या टोपीचा, म्हणजे विगच्या डोक्यावर बसणाऱ्या भागाचा, बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर जास्त भरतो. विक्रेत्याने टेप बाहेरून लावून ५७ दाखवले. आत उरले ५४, आणि पोराचं डोकं ५७. नीट काम करणारा कारागीर तुमच्याकडून कपाळ ते मानेचा खळगा, कान ते कान आणि घेर अशी तीन मापं मागतोच. अजून चांगला असेल तर डोक्याला क्लिंग फिल्म आणि त्यावर मास्किंग टेप गुंडाळून, कापून काढलेला साचा मागतो.

जोड कशाने केलेत तेही विचारा. खान्देशात हा प्रश्न निम्म्या किमतीचा. ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो; एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. बटा एकेक करून गळतात. जोड रबरी सोल्युशनचा हवा, रेक्झिनवाले वापरतात तो फेविकॉल एसआर ९९८ चालतो. दोन्ही कडांना पातळ थर, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत साधारण दहा मिनिटं वाळवायचं, मग एकदाच दाबायचं. रंगाआधी फोम सील केला का, म्हणजे त्यावर लवचिक थर देऊन छिद्रं बुजवली का, हेही पाहा. थेट ॲक्रेलिक मारला की वाकवताच तडे जातात.

आगाऊ रक्कम द्यायचीच असेल तर आधी रंग न मारलेल्या टोपीचा व्हिडिओ मागवा. शेजारी पट्टी, वजनकाटा आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी. चोरलेल्या फोटोंवर धंदा करणाऱ्याला हे जमत नाही, तो 'वेळ नाही' म्हणतो. बाकीचे पैसे माल हातात पडल्यावर.

या प्रकरणात शेवटी रिफंडच्या नावाने क्यूआर कोड आला होता. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. पोराने तो स्कॅन केला नाही, एवढं वाचलं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. माल खराब निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यासाठी खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, चॅटचे स्क्रीनशॉट आणि कापलेला तुकडा जपून ठेवा. विग फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे.