जपान की लीड्स? कूलर सुरू असेल तर लीड्स

रॉक बँडच्या लाइव्ह अल्बमांत डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ घ्यावा की द हूचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’, असं विचारलं की जाणकार हमखास सांगतात, दोन्ही घ्या. सल्ला खोटा नाही, पण पैसे विचारणाऱ्याचे जातात. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि एकच ठेवायची वेळ आली तर कोणता ठेवीन, हे माझं ठरलेलं आहे.

वाजवण्यात डीप पर्पल सरस, हे मी आधीच मान्य करून टाकतो. ऑगस्ट १९७२ मधल्या तीन रात्री, दोन ओसाकाच्या आणि एक टोकियोच्या बुदोकान सभागृहातली, आणि त्यातून निवडलेली सात गाणी. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो आणि गिलन ती गळ्यातून जशीच्या तशी परत करतो. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे समजावून सांगावं लागत नाही. ‘स्पेस ट्रकिन’ वीस मिनिटं चालतं. तेवढा दम असेल तर मजा आहे.

पण नागपुरात मार्च संपता संपता खिडकीत कूलर बसतो तो पाऊस येईपर्यंत हलत नाही. आता ‘चाइल्ड इन टाइम’ लावून पाहा. जॉन लॉर्डचा ऑर्गन इतक्या हळू सुरू होतो, की पंख्याच्या घरघरीत आणि ताट्यांवरून गळणाऱ्या पाण्यात तो पार बुडून जातो. म्हणून आवाज वाढवायचा. पुढे गिलन किंचाळायला लागला, की शेजारच्या काकू गॅलरीत येतात. म्हणून उठून कमी करायचा. तोवर गाणं परत हळू झालेलं असतं! कूलर बंद करावा, तर नवतपात बनियन पिळायची वेळ येते. याच अल्बममध्ये गिलन साउंडवाल्याला सांगतो, की सगळंच सगळ्यापेक्षा मोठं कर. तसं खरंच झालं असतं, तर माझी तक्रारच नव्हती.

द हूच्या लीड्सला हा त्रास नाही. १४ फेब्रुवारी १९७०, विद्यापीठाची खानावळ, एक गिटार, एक बास, एक ड्रम आणि गाणारा डाल्ट्री. कीबोर्ड नाहीच. एका स्पीकरमधून बास, दुसऱ्यातून गिटार, आणि एंटविसलचा बास असा भरून येतो, की कूलरच मागे पडतो. ‘यंग मॅन ब्लूज’मध्ये वाद्यं खाडकन थांबतात आणि डाल्ट्री एकटा ओळ म्हणतो. तेवढ्यात कूलर ऐकू येतो खरा, पण ओळ त्याच्या वर राहते. बटणाला हात लावावा लागत नाही.

एसी असेल, हेडफोनची सवय असेल किंवा ऐकणं डिसेंबरातच होत असेल, तर जपान घ्या. माझी हरकत नाही. बाकीच्यांनी लीड्सच बघावा, असं मला वाटतं.

लीड्समध्येही जुना सहा गाण्यांचा आणि २००१ चा दोन डिस्कचा, असे प्रकार आहेत. दोन डिस्कच्या संचात ‘टॉमी’, म्हणजे द हूची गाण्यांतून सांगितलेली एक लांब गोष्ट, आहे, पण कार्यक्रमात मधोमध वाजलेलं ते सगळं काढून दुसऱ्या डिस्कवर टाकलंय. मी सहा गाण्यांचाच लावतो. पाऊण तासाच्या आत संपतो, आणि ‘माय जनरेशन’ची पंधराएक मिनिटंही त्यातच आली.