एका बैठकीतली कॅप आणि तिच्या मागची फट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रायवळ आंब्यांची पहिली पाटी घरात आली आणि त्याच रात्री मला आरशासमोर उभे राहून, एका हातात मोबाइलचा दिवा धरून, उजवीकडच्या खालच्या दाढेमागे अडकलेला आंब्याचा धागा काढण्यात अर्धा तास घालवावा लागला. रायवळ हा चोखून खायचा आंबा. बाठा चोखताना त्याचे धागे दातांत अडकतात हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु हा धागा नेमका जानेवारीत बसवलेल्या कॅपच्या मागच्या बाजूला होता, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच सापडला. यंत्रावर कोरून एकाच बैठकीत बसवलेल्या कॅपविषयी तोवर मी भेटेल त्याला चांगलेच सांगत आलो होतो. त्या आठवड्यात माझे मत बिघडले, जूनमध्ये ते पुन्हा थोडे सुधारले, आणि आता ऑक्टोबरमध्ये ते जिथे स्थिरावले आहे ते येथे लिहीत आहे.

मी गुहागर तालुक्यात हेदवीच्या बाजूला राहतो. या दाढेचे रूट कॅनॉल गेल्या नोव्हेंबरात गुहागरला झाले होते. कॅप लवकर बसवा, असे डॉक्टरांनी बजावले असूनही मी महिना जाऊ दिला आणि डिसेंबरात कुर्लीची नांगी फोडताना दाढेची जिभेकडची भिंत तुटली. दाढ आता इतकी बुटकी राहिली होती की आत धातू आणि वर पोर्सेलीन अशी नेहमीची कॅप तिच्यावर फार काळ टिकेल याची खात्री गुहागरच्या डॉक्टरांना वाटेना. तशी कॅप मुख्यतः दाढेच्या उंचीवर पकड घेते. उलट सिरॅमिकची कॅप आतून आम्ल लावून खरखरीत करून रेझिन सिमेंटने दाढेला अक्षरशः चिकटवता येते, म्हणून त्यांनीच मला रत्नागिरीच्या एका दवाखान्याचे नाव सुचवले. तिथे नेहमीची कॅप साडेचार हजारांना होती; तिचे माप कोल्हापूरच्या लॅबला जाणार, आठ दिवस तात्पुरती कॅप सांभाळायची आणि मग दुसरी बैठक. यंत्रावरची कॅप चौदा हजारांना होती, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

साडेनऊ हजारांचा फरक माझ्यासारख्या पेन्शनीत राहणाऱ्या माणसाला लहान नाही. तरीही मी महागडी वाट धरली, त्याला दाढेच्या बुटकेपणाबरोबर आणखी एक कारण होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने नेहमीची कॅप करून घेतली तेव्हा तिची तात्पुरती कॅप चौथ्याच दिवशी घावणे खाताना निघून आली आणि पुढचे चार दिवस ती एकाच बाजूने पेजेवर राहिली. तिची दाढ जिवंत होती, त्यामुळे गार पाणीसुद्धा तिला सहन होत नव्हते. शिवाय हेदवीहून रत्नागिरी म्हणजे तवसाळला जाऊन फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडायची आणि पलीकडून एसटी धरायची. प्रत्येक खेपेला अख्खा दिवस मोडतो. एक खेप वाचत असेल तर तिला काही किंमत आहे, असा माझा हिशेब होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी साडेदहाला खुर्चीत बसलो. तोंडात मसाल्याचा साचा कोंबून माप घेणे नव्हते. जाड पेनासारखा एक कॅमेरा दातांवरून फिरला आणि समोरच्या पडद्यावर माझा जबडा रंगीत उभा राहिला. वरचे दात, खालचे दात आणि दोन्ही मिटलेले असताना गालाच्या बाजूने चावा, अशी तिन्ही मापे मिळून दहा मिनिटे लागली नसतील. संगणकाने कॅपचा आकार सुचवला आणि डॉक्टरांनी तो पडद्यावर इकडे थोडा ओढून, तिकडे थोडा दाबून दुरुस्त केला.

त्यानंतरचा भाग मी कुतूहलाने जवळ जाऊन पाहिला. सुपारीएवढा एक ठोकळा, रंगाने फिकट जांभळा, यंत्राच्या पेटीत धातूच्या दांडीवर बसवला गेला. दोन्ही बाजूंनी हिऱ्याची कणी लावलेल्या बारीक सुया फिरू लागल्या, पाण्याचे फवारे सुरू झाले आणि पाव तासात काचेआड जांभळ्या रंगाची दाढ तयार झाली, तिच्यावरच्या खाचखळग्यांसकट. या अवस्थेत ती पुरती भाजलेली नसते, म्हणून कोरायला सोपी आणि ताकदीने कमी असते. तोंडात बसवून पाहणे, घासून कमीजास्त करणे, हे सगळे याच वेळी करतात. मग ती सुमारे ८४० अंश सेल्सिअसच्या छोट्या भट्टीत जाते. तिथे तिच्यातल्या लिथियम सिलिकेटच्या स्फटिकांची रचना बदलते, ताकद दुपटीहून अधिक वाढते, आणि जांभळा रंग जाऊन दाताचा रंग येतो. भट्टीचे दार उघडले तेव्हा आत गेलेली आणि बाहेर आलेली वस्तू एकच आहे हे मला क्षणभर खरे वाटेना.

दीडच्या सुमारास कॅप पक्की झाली आणि संध्याकाळी मी घरी होतो. रात्री भूल पूर्ण उतरल्यावर घास चावताना ती दाढ बाकीच्यांच्या आधी टेकते आहे हे जाणवले. त्यासाठी पुढच्या आठवड्यात एक खेप झालीच; कार्बनचा निळा कागद चावायला देऊन दहा मिनिटांत उंच जागा घासली आणि चकचकीत केली. त्याचे मी फारसे मनावर घेतले नाही, कारण असे नेहमीच्या कॅपलाही होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल हे तीन महिने मी त्या दाढेने खोबरे, भाजलेल्या काजूबिया, उकड्या तांदळाचा भात सगळे निर्धास्त खाल्ले. शेजारच्या दातांत ती ओळखू येत नाही, हिरडीजवळ धातूची काळसर रेघ नाही आणि गरम चहा तिला लागत नाही.

आता फटीविषयी. ज्यांनी दोन दातांमध्ये कधी फ्लॉस घातला आहे त्यांना हे लगेच समजेल. माझ्या इतर दाढांमध्ये दोरा खाली दाबला की आधी अडतो आणि मग ‘टच्’ असा बारीक आवाज होऊन आत उतरतो. कॅपच्या पुढच्या बाजूलाही तसेच होते. मागच्या बाजूला मात्र तो आवाजच नव्हता. लोण्यात सुरी जावी तसा दोरा आत जायचा आणि तसाच वर यायचा. मी रोज रात्री मोजायला लागलो. रायवळचे धागे संपले की फणसाचे, फणस संपला की सुक्या बोंबलाचे, मटणाचे, कधी नुसत्या पालेभाजीचे. पंधरा दिवसांत दोन दाढांमधली हिरडी सुजून लालसर झाली आणि दोरा लावला की रक्त येऊ लागले. एखाद्याला ही क्षुल्लक तक्रार वाटेल. परंतु कॅप स्वतः कधी किडत नाही, तिच्या कडेखालची दाढ किडते आणि शेजारचा दात किडतो. रोज तिथेच अन्न दाबले जात असेल तर चौदा हजारांची कॅप शाबूत राहूनही तिच्याखालची दाढ जाऊ शकते. म्हणूनच मी या एका गोष्टीवर इतके लिहीत आहे.

पहिला राग यंत्रावर निघाला. घाईत कोरलेल्या वस्तूत ही उणीव राहणारच, लॅबमधल्या कारागिराच्या हाताला आली असती तर त्याने ती भरून काढली असती, असे मी चार जणांना सांगितलेही. गुहागरच्या डॉक्टरांना मी दाढ दाखवली तेव्हा त्यांनी माझी समजूत दुरुस्त केली. दोन दातांचा स्पर्श किती घट्ट ठेवायचा हे पडद्यावरच ठरते. तिथे तो रंगांनी दाखवला जातो आणि डॉक्टर तो कमीजास्त करू शकतात. कोरल्यानंतर कॅप बसवून पाहताना दोरा लावून खात्री करायची असते, आणि सैल वाटले तर भट्टीत घालताना तेवढ्या जागी सिरॅमिकचा थर चढवता येतो. चिकटवल्यावर मात्र काही करता येत नाही, कारण तोंडात ८४० अंशांची भट्टी पेटवता येत नाही. तंत्र नवे आहे म्हणून अशा चुका होतात, हेही त्यांना मान्य नव्हते. झुरिच विद्यापीठात वेर्नर म्योरमान या दंतवैद्यांनी आणि मार्को ब्रांदेस्तिनी या अभियंत्यांनी यंत्रावर कोरलेली सिरॅमिकची पहिली भरणी रुग्णाच्या दातात १९८५ मध्ये बसवली. म्हणजे या पद्धतीला चाळीस वर्षे झाली.

घरी येऊन मी जानेवारीचा तो दिवस नीट आठवला. कॅप जांभळी असताना डॉक्टरांनी पुढच्या बाजूला दोरा लावला होता, ते मला स्पष्ट आठवते, कारण तो आवाज मी ऐकला होता. मागच्या बाजूला लावल्याचे आठवत नाही. अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे मला स्वतःला काही कळण्यासारखे नव्हते. परतीच्या फेरीची वेळ गाठायची आहे, असे मी दोनदा बोलून दाखवले होते, हेही मला आठवले आणि त्याचे वाईट वाटले. डॉक्टरांची तपासणी माझ्या फेरीवर अवलंबून असता कामा नये, हे खरेच. परंतु घाई करण्यात माझाही वाटा होता हे लिहिल्याशिवाय हा अनुभव पूर्ण होणार नाही. नेहमीच्या पद्धतीत जी दुसरी बैठक मला डोईजड वाटत होती, ती खरे तर ताज्या डोळ्यांनी तपासण्याचीही बैठक असते. एका बैठकीत सगळे उरकायचे तर ती तपासणी त्याच दुपारी, सिमेंट लावण्याआधी, तितक्याच निवांतपणे झाली पाहिजे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, मी पुन्हा रत्नागिरीला गेलो. दवाखान्यात समोर बसलेल्या मुलीने हमीचे कार्ड पाहून सांगितले, “काका, पाच वर्षांची हमी कॅप फुटली किंवा निघाली तरच आहे. फटीसाठी नवीन केस पेपर काढावा लागेल.” मागच्या दाढेत भरणी करून फट बुजवता येईल, तिचे बाराशे रुपये होतील, असेही तिने सांगितले. मी केस पेपर काढायला नकार दिला. जी वस्तू तुम्ही बसवली तिच्या शेजारी फट राहिली असेल तर ती बसवण्यातली त्रुटी आहे, तिचे पैसे रुग्णाने का द्यावेत, एवढेच मी आवाज न चढवता पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले. मी त्यांच्या हातात दोऱ्याची डबी दिली आणि म्हटले, “डॉक्टर, आधी तुम्हीच लावून बघा.” त्यांनी आधी पुढे दोरा लावला, मग मागे लावला, पुन्हा एकदा मागे लावला आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, काका. इथे सैल राहिलंय.”

त्या एका वाक्याने माझा अर्धा राग उतरला. त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, कॅप कापून काढायची आणि नवी करायची. परंतु चिकटवलेली सिरॅमिकची कॅप अखंड निघत नाही, ती कापताना खालच्या दाढेचाही थोडा भाग जातो, आणि माझी दाढ मुळात बुटकी. दुसरा, मागच्या दाढेत पुढच्या बाजूला माझी जुनी चांदीची भरणी होतीच. ती काढून दाताच्या रंगाच्या मसाल्याने किंचित फुगीर भरायची, म्हणजे दोन दाढांचा स्पर्श जुळेल आणि निरोगी दात घासावा लागणार नाही. मी दुसरा मार्ग घेतला. दोन दाढांमध्ये पाचर मारून त्या थोड्या दूर केल्या, धातूची पातळ पट्टी वळवून भोवती बसवली आणि अर्ध्या तासात भरणी झाली. पैसे घेतले नाहीत. माझा दिवस आणि एसटी-फेरीचे भाडे मात्र माझेच गेले, आणि एका बैठकीच्या कॅपसाठी माझ्या एकंदर तीन खेपा झाल्या.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मागच्या बाजूला दोरा ‘टच्’ असा आवाज करूनच आत जातो. हिरडीची सूज दहा-बारा दिवसांत गेली. गणपतीत खोबऱ्याचा चव, मोदक, ऋषीच्या भाजीतल्या मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळे झाले; काही अडकले नाही. भरणीचा मसाला सिरॅमिकपेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे हा स्पर्श काही वर्षांनी पुन्हा सैल होऊ शकतो असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे, आणि हमीच्या कार्डावर त्यांनी माझ्या आग्रहाने मागच्या भरणीचा उल्लेख हाताने लिहून सही केली आहे.

चौदा हजार वाजवी होते का, असे मला पत्नीने परवा पुन्हा विचारले. दाढ चांगली उंच असेल, दवाखाना गावातच असेल आणि आठ दिवस थांबायची तयारी असेल, तर साडेचार हजारांत काम होते, असे मी तिला सांगितले. माझ्या दाढेसाठी मात्र मी आजही यंत्रावरचीच घेईन. डाव्या बाजूच्या वरच्या दाढेचे रूट कॅनॉल गेल्या महिन्यात झाले आहे आणि तिची कॅप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच दवाखान्यात ठरली आहे. त्या रात्री मी रत्नागिरीला भावाकडे मुक्कामाला राहणार आहे, आणि कॅप जांभळी असताना पुढे आणि मागे, दोन्हीकडे, दोरा माझ्यासमोर लावायचा असे फोनवर सांगून ठेवले आहे.